‘मळ्यातली पावणी’च्या चार प्रती

४ जुलै, शुक्रवार

आदितीनं पुण्याहून ही वही पाठवली. म्हणे, “अप्पा, फोनवर तक्रारी सांगण्यापेक्षा लिहून काढा.” ठीक आहे. फोनवर तिचं बोलणं हल्ली तुटकच येतं, त्यापेक्षा हे बरं. लिहायलाही निमित्त मिळालंय.

परवा उदयसिंह घरी येऊन गेला. त्याच्या आजोबांनी चौऱ्याऐंशी साली काढलेला ‘मळ्यातली पावणी’ तो मूळ निगेटिव्हवरून साफसूफ करून ब्लू-रेवर काढतोय. तबकड्या छापायच्या आधी एक नमुना प्रत मला दाखवणार आहे. “काका, तुमच्या शेऱ्याशिवाय पुढं जात नाही,” म्हणाला. पोरगं वळणाचं आहे. राजारामपुरीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हा धनपाल चौगुल्यानं पास केली म्हणजे कॅसेट चांगली, असं गिऱ्हाईक म्हणायचं. प्रत्येक कॅसेट मी स्वतः शेवटपर्यंत बघून मगच फळीवर ठेवत होतो. दुकान बंद झालं तरी डोळे आणि कान काही बंद झालेले नाहीत.

या सिनेमात माझा जीव अडकलाय त्याला दुसरंही कारण आहे. त्यात चंदनाचं एक वाक्य आहे. नेसरीजवळ तिच्या मामाच्या मळ्यात शूटिंग होतं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या पोरी कमी पडल्या म्हणून कॉलेजच्या सुट्टीत आलेल्या भाचीला उभं केलं. नायिका पायऱ्या उतरते आणि मागून चंदना हलक्या आवाजात म्हणते, “सावकाश गं सई, शेवाळ साचलंय.” तोंड दिसत नाही, नुसती पाठीवरची वेणी. मी ते वाक्य थिएटरात ऐकलं होतं. पुढच्या वर्षी मुलगी बघायला गेलो तेव्हा ती मान खाली घालून एक शब्द बोलली नाही. घरी येऊन मी आईला, आमच्या अव्वाला, सांगितलं, आवाज ऐकलाय, पसंत आहे.

डिसेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होतील. त्या दिवशी ती नवी तबकडी लावून तिला तिचा आवाज ऐकवायचा, असं ठरवलंय. तिला सांगितलेलं नाही. त्याआधी माझ्याकडच्या तिन्ही जुन्या प्रती पुन्हा तपासून गुण देऊन ठेवतो, म्हणजे नव्या प्रतीला मोजमाप राहील.

९ जुलै, बुधवार

कॅसेटपासून सुरुवात. व्हीसीआर अजून धडधाकट आहे. सोबतीला सयाजी होता. तो चंदगडच्या गाडीवर ड्रायव्हर होता, निवृत्तीनंतर रोज दुपारी आमच्याकडं हजेरी लावतो.

चित्र: रंग उडाले. नायिकेची लाल साडी विटकरी झालीय, खालच्या कडेला पट्टा थरथरतो. चार गुण. आवाज: नवल म्हणजे जुन्या कॅसेटला असते ती खरखर नावालाही नाही. पार धुतल्यासारखा. जरा दबका आहे इतकंच. नऊ गुण द्यायला हरकत नव्हती, पण चंदनाचं वाक्य झिजून गेलंय. वेणी दिसते, आवाज नाही. म्हणून आठ.

सयाजीचं दुसरंच. “खरखर न्हाय म्हंतोस? अरं मर्दा, तापल्या तव्यावर पाणी टाकल्यागत चर्रर्र चाललंय की सगळा येळ! आन् वहिनी बोलल्या की. सावकाश गं म्हटल्या.”

मी म्हटलं, तुला वाक्य पाठ आहे म्हणून तसं वाटतं. जन्मभर इंजिनाशेजारी बसून याचे कान गेलेत, पण दुखवायचं कशाला? मी विषय बदलला.

१७ जुलै, गुरुवार

व्हीसीडी. दोन तबकड्या, मध्ये उठून बदलायची. विहिरीतल्या पाण्यावर असे चौकोन दिसतात की फरशी बसवलीय म्हणावं. चित्र तीन. आवाज चार, सगळी पात्रं तोंडात सुपारी धरून बोलतात. वाक्य नाही.

दाराची बेल पुन्हा बिघडली. महिन्याभरापूर्वीच नवी बसवली होती. गॅसवाला दोनदा वाजवून परत गेला म्हणे. मी समोरच्या खोलीत बसून होतो, वाजली असती तर ऐकली नसती का? चंदना भाजी घेऊन आली आणि जिन्यातूनच सुरू झाली, “घरात बसून करता काय! कुकर लावून गेलते, किती शिट्ट्या झाल्या? बंद करायचा की!” डाळ करपली होती. शिट्टीतही कचरा अडकला असणार. बाईचा आवाज हल्ली भारी चढलाय. वयानं माणूस चिडकं होतं म्हणतात ते खोटं नाही. खालच्या मजल्यावरचे तर आमची रोज भांडणं होतात असं समजतात. मी मात्र तिला उलटून बोलत नाही.

२७ जुलै, रविवार

डीव्हीडी. बरीच बरी. साडी लाल, आकाश निळं, पण सगळ्यांचे चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत. चित्र सहा. आवाज पाच. वाक्य इथंही नाही. तिन्ही प्रतीत नाही म्हणजे दोष वरून आलाय, मूळ पट्टीतूनच कुणीतरी कापलंय. हे उदयसिंहच्या कानावर घातलं पाहिजे.

चंदनाचा घसा बसलाय. महिना झाला, जात नाही. पावसाळी हवा. रविवारच्या पूजेला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्तवन तीच म्हणते, गेली वीस-पंचवीस वर्षं. आज तिनं हातानं नको म्हटलं आणि दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. मला तर ते पुटपुटल्यासारखंच वाटलं. चंदनाच्या आवाजाची सर नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आली! उदयसिंहनं नमुना प्रत पाठवली. सयाजी, चंदना आणि मी, तिघं बसलो.

चित्राबद्दल काय लिहू? डोळ्यांचं पारणं फिटलं. मळ्यातल्या उसाची पात न् पात सुटी दिसते. आणि विहिरीची पायरी आली तेव्हा मी रिमोट दाबून चित्र थांबवलं. पायरीवर शेवाळ दिसतं! हिरवंगार, ओलं, कडेला जरा पोपटी. थिएटरातही असं दिसलं नव्हतं. चंदनाच्या वेणीला बांधलेली रिबन निळी आहे. मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, “मामीची होती ती.” चित्राला दहापैकी दहा. अकरा असते तर अकरा दिले असते.

आणि आवाज? तीन. तेही उदयसिंहच्या आजोबांकडं बघून. ढोलकी घुमते, विहिरीत दगड पडतो तो छातीत येऊन पडतो, पण माणसं बोलतात ते सगळं गोधडीतून. वाक्याच्या जागी शांतता. सहा वेळा मागे घेऊन लावलं. कचरा काढता काढता यांनी माणसाचा आवाजही पुसून टाकला.

चंदना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, “अहो, आलंय की ते. छान आलंय.” माझी समजूत काढत होती. सयाजी छताकडं बघत बसला.

तिथल्या तिथं उदयसिंहला फोन लावला आणि झाडलं. तुझ्या आजोबांनी एकेका वाक्यासाठी पोरींना मुंबईला डबिंगला नेलं आणि तू बोळ्यानं पुसून टाकतोस! वरच्या पट्टीतला आवाज चढवून नवी प्रत पाठव म्हणून सांगितलं. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. नेटवर्क नव्हतं. शेवटचं “बरं काका” तेवढं कळलं.

माझा आवाज जरा जास्तच चढला होता. पण प्रश्न तिच्या एकुलत्या एका वाक्याचा आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरी प्रत आली. आता जरा धुगधुगी आहे. पाच गुण. वाक्याच्या जागी सुईच्या टोकाएवढं काहीतरी हलतं. आणखी चढव म्हणून कळवणार आहे.

सयाजीनं दोन मिनिटांत कानांवर हात ठेवले. “बंद कर, बंद कर! दात शिवशिवाय लागले माझं. पत्र्यावर खिळा घासल्यागत वाजतंय!” चंदना उठून गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. दोघांना चांगल्या आवाजाची सवय राहिलेली नाही. मोबाइलवर बघून बघून लोकांचे कान बिघडले.

गॅलरीवरून आठवलं. यंदा चिमण्या अजिबात नाहीत. पूर्वी सकाळी कलकलाटानं जाग यायची. समोरचं झाड तोडलं तेव्हापासून हे झालं असणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व सुरू. काल गणपती बसले, त्यामुळे गल्लीत मांडव आणि घरात उपास असं चाललंय. मी एकवेळ जेवतोय. चंदनानं मौन धरलंय. पर्व संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी बस्तीतच पहिला शब्द बोलणार म्हणे. हे मला तिनं काल जेवताना ठासून सांगितलं, घसा खरवडून. तिनं आजवर उपास पुष्कळ केले पण मौन कधी नाही. धर्माकडं ओढा वाढतोय, चांगलं आहे. गेल्या आठवड्यात आदितीसोबत कुठल्याशा डॉक्टरकडंही जाऊन आली. काय म्हणाले विचारलं, तर “काही नाही” अशी हातानं खूण.

२ सप्टेंबर, मंगळवार

मौनाचा हा फायदा मला ठाऊक नव्हता. घर कसं शांत आहे. चहा हवा का, हे ती कप उचलून विचारते. कुकर झाला की माझ्यासमोर येऊन बोट फिरवते. तिच्या भुवया, हात, मान, सगळं मला नीट समजतं, आणि मला समजलं की ती हसते. किती दिवसांनी आम्ही एकमेकांवर चिडलो नाही. डाळसुद्धा करपली नाही. पर्व झाल्यावरही आठवड्यातून एखादा दिवस असं मौन पाळावं, असं तिला सुचवणार आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. आदिती आलीय. आल्या आल्या माझ्याशी बोलायला लागली, मी टीव्ही बघत होतो. मग आईकडं वळून मोठ्यानं म्हणाली, “तू यांना अजून सांगितलंच नाहीस?” चंदनानं मान हलवली. काय सांगायचं राहिलंय म्हणून विचारलं, तर दोघी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मायलेकींची गुपितं.

मिरवणूक बघायला दुपारी सयाजीबरोबर गेलो. साउंड सिस्टीमच्या भिंतीसमोर उभं राहिलो तर बरगड्या हादरल्या. प्रत्येक ठोका स्वच्छ. सयाजीला म्हटलं, बघ, माझे कान अजून शाबूत आहेत. तो काहीतरी म्हणाला. एवढ्या गदारोळात कुणाला काय ऐकू येणार?

८ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहायचं की नाही, यावर सकाळपासून विचार करतोय.

क्षमावणी. बस्तीत पूजा झाली. दरवर्षीप्रमाणे सगळे एकमेकांसमोर हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागत होते. देवासमोर कुणी मोठ्यानं बोलत नाही. चंदना गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आली. हात जोडले आणि बोलायला लागली. इतक्या दिवसांनंतरचा पहिला शब्द, तोही माझ्यासाठी राखून ठेवलेला. तिचे ओठ हलले. एकदा थांबले, पुन्हा हलले. डोळे भरून आले.

मला काही ऐकू आलं नाही.

सवयीनं मी हात जोडले, “उत्तम क्षमा” म्हटलं, वर मोठ्या मनानं “केली, केली” असंही म्हटलं. ती हसली आणि पुढं गेली. मग मी आजूबाजूला बघितलं. पन्नास-साठ माणसं बोलत होती. कुणी कुणाचे हात धरले होते, कुणी रडत होतं. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज कुठंच नव्हता. दुकानात व्हीसीआरची आवाजाची पिन निघाली की असं व्हायचं. गिऱ्हाईक म्हणायचं कॅसेट खराब आहे, आणि मी म्हणायचो, कॅसेट चांगली आहे, तुमची पिन बघा.

तेवढ्यात कुणीतरी घंटा वाजवली. ती ऐकू आली. मी खांबाला टेकून खाली बसलो.

घरी न जाता सयाजीकडं गेलो. त्याला म्हटलं, खरं सांग, माझे कान गेलेत का? तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. अगदी जवळ येऊन मोठ्यानं बोलला, “गेलेत की लेका. दोन वरसं झाली. वहिनी वरडून वरडून बोलत्यात, म्हणून तुला कळतंय तरी. त्यांच्या नरड्याला गाठी आल्यात. डाक्टर म्हणला, वरडायचं बंद करा न्हायतर आवाज जाईल. सगळ्या गल्लीला ठावं हाय.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलंतं की! मी दोनदा सांगितलं. तुला ऐकायलाच आलं न्हाय. आन् वहिनींनी शपथ घातली. म्हटल्या, जन्मभर कानाच्या जिवावर मान मिळवलेला माणूस हाय, त्याला हे कुणी सांगू नका.”

तिचं स्तवन बंद झालं ते माझ्यामुळं. मौन माझ्यामुळं. आणि मी घरातल्या शांततेचं कौतुक लिहून ठेवलंय, दोनच पानं मागे. फाडणार नाही. राहू दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आदिती तपासणीला घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. समोरची मुलगी यंत्रावर बोटं फिरवत होती आणि मी चाचणी कधी सुरू होते म्हणून वाट बघत होतो. ती सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

कागदावरची रेघ डावीकडं ठीक, उजवीकडं थेट विहिरीत उतरलेली. मुलगी तोंडासमोर तोंड आणून सांगत होती, “काका, जाड आवाज तुम्हाला येतात, बारीक येत नाहीत. ढोल येतो, चिमणी येत नाही. स, श, च असली अक्षरं गळतात.”

सावकाश. सई. शेवाळ. साचलंय. मी मनातल्या मनात अक्षरं मोजली आणि त्या मुलीसमोर रडलो. आदितीला वाटलं, कान गेले म्हणून.

२० सप्टेंबर, शनिवार

कानात मशीन बसलं. बाहेर पडलो आणि पहिल्यांदा ऐकू आल्या माझ्याच चपला. मग रिक्षाच्या ब्रेकचं किंचाळणं, कॅरीबॅगची चुरचुर. जग इतकं खरखरीत आहे हे मी विसरलो होतो. घराची बेल मुद्दाम चार वेळा वाजवली. बेलमध्ये काही बिघाड नाही. समोरच्या विजेच्या तारेवर चिमण्या होत्या.

दुपारी सगळ्यात आधी कॅसेट लावली. सयाजी म्हणाला होता तस्संच, तापल्या तव्यावर पाणी! धुतल्यासारखा आवाज म्हणून आठ गुण दिले होते मी. दोन गुण, तेही दयेचे. त्या खरखरीच्या तळाशी तिचं वाक्य मात्र होतं. मग उदयसिंहची दुसरी प्रत लावली आणि दहा सेकंदांत बंद केली. मशीनच काढून फेकावंसं वाटलं. ही छापली गेली असती तर लोकांनी त्याच्या आजोबांच्या नावानं बोटं मोडली असती.

त्याला फोन केला. क्षमावणी उलटून गेली होती, तरी म्हटलं, “उत्तम क्षमा. माझे कान नादुरुस्त होते. पहिली प्रत बरोबर आहे, तीच छाप.” तो म्हणाला, “काका, तीच छपाईला दिलीय. दुसरी फक्त तुमच्यापुरती केली होती.” पोरगं वळणाचं आहे, हे मी आधीच लिहिलं होतं. एवढा एक शेरा तरी बरोबर निघाला.

मग पहिली प्रत. ऊस. विहीर. हिरवी पायरी. निळी रिबन.

“सावकाश गं सई, शेवाळ साचलंय.”

किती हलका आवाज. थिएटरात ऐकला होता तसाच, मागच्या बाकावरून कुणीतरी फक्त मला सांगितल्यासारखा. दहा गुण. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी लावलं तेव्हा आतून, स्वयंपाकघरातून, पुटपुटणं आलं, “झालं! आता दिवसभर तेच दळण. डोकं खाणार म्हातारा.”

मी इथूनच म्हटलं, “नाही खात. एवढं एकदाच.”

आत भांडं आपटलं. चंदना हातात झारा घेऊन दारात आली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. “तुम्हाला हे ऐकायला आलं?”

“आलं. असलं रोज काय काय म्हणत होतीस?”

“पुष्कळ,” ती म्हणाली, आणि हसता हसता खुर्चीत बसली. डिसेंबरापर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण माझ्याच्यानं थांबवेना. तिच्यासाठी पुन्हा एकदा लावलं. ती स्वतःचाच आवाज मान कलती करून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “गेला की हो हा आवाज.” तिचा आत्ताचा आवाज घोगरा आहे, मध्येच तुटतो, शेवटचं अक्षर येत नाही. व्हायचंच. चांगल्यात चांगली कॅसेटही सारखी वाजवली की झिजते, आणि ही माझ्या एकट्यासाठी दोन वर्षं फुल्ल आवाजात वाजली. डॉक्टर म्हणतात सहा महिने जपलं तर बराचसा परत येईल. येवो.

मी विचारलं, “बस्तीत त्या दिवशी काय म्हणालीस?”

“तुम्ही केली म्हणालात की क्षमा.”

“ऐकलं नव्हतं मी.”

“ठाऊक हाय मला.” ती खुर्चीतून उठून समोर आली. मग तेच पुन्हा म्हणाली, देवासमोर म्हटलं असेल तितक्याच हळू. सगळं ऐकू आलं, एकेक अक्षर.

“वर्षभर तुमच्यावर आवाज चढवला. क्षमा असावी.”

आणि मी केली होती. केली, केली म्हणालो होतो.

हात जोडायला गेलो तर तिनं झारा माझ्या हातात दिला, आणि सूर्य मावळायच्या आत जेवून घेऊ म्हणाली.